बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी

एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांचे वार्षिक अहवाल आणि आजच्या धर्मांतरविरोधी सभांमधली भाषणं यांच्यात एक मोठं साम्य आहे. दोघांनाही डोकी मोजायची असतात. अमुक तालुक्यात यंदा इतके बाप्तिस्मे झाले, असं मिशनरी आपल्या देणगीदारांना अभिमानाने कळवत. तमुक जिल्ह्यात इतके बाटले, असं सभेतला वक्ता संतापाने सांगतो. सूर उलटा, हिशेब तोच. आणि दोघांचाही हिशेब एकाच दिवसापाशी संपतो. डोक्यावर पाणी पडलं, वहीत नाव लागलं, काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस उठून कुठल्या विहिरीवर गेला, घरात काय शिजलं, पोरीचं लग्न कुणाकडे ठरलं, मेल्यावर त्याला कुठे पुरलं, हे विचारायला दोघांपैकी कुणी थांबत नाही.

माझं म्हणणं असं की ख्रिस्ती धर्माचा खरा इतिहास त्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. आणि आपण धर्मांतरावर जो वाद घालतो, जे कायदे करतो, ते सगळे आदल्या दिवसाविषयी असतात. ओडिशाने 1967 साली पहिल्यांदा असा कायदा केला, पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशाने. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही वैध ठरवले. आता उत्तर प्रदेशात धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. जबरदस्ती, फसवणूक झाली तर शिक्षा व्हावी, यात वाद नाही. पण साठ दिवस आधीची नोटीस पाहणाऱ्या सरकारला पुढच्या साठ वर्षांत त्या कुटुंबाचं काय होतं याची नोंद घ्यावीशी वाटत नाही, हे जरा विचित्र आहे.

हा एका दिवसाचा हिशेब फार जुना. इसवी सन 112 च्या सुमारास काळ्या समुद्राच्या दक्षिणेच्या प्रांतात प्लिनी नावाचा रोमन सुभेदार होता. त्याच्यासमोर ख्रिस्ती म्हणून पकडलेली माणसं आणली गेली आणि त्याला प्रश्न पडला की यांचा गुन्हा नेमका कोणता. त्याने सम्राट ट्राजनला लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. चौकशीत त्याला कळलं ते एवढंच: हे लोक ठरावीक दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, कुणाची ठेव बुडवणार नाही अशी शपथ घेतात, घरी जातात आणि पुन्हा जमून साधं जेवण जेवतात. खात्री करायला त्याने दोन दासींचा छळ करून जबाब घेतला. या दोघी मंडळीत सेविका म्हणून काम करत. तरी हाती काही लागलं नाही. ट्राजनने उत्तर दिलं: त्यांना शोधत फिरू नकोस, आणि निनावी तक्रारी अजिबात घेऊ नकोस, ते आपल्या काळाला शोभत नाही. (एकोणीसशे वर्षांनंतर आपल्याकडच्या काही पोलीस ठाण्यांत हे पत्र फ्रेम करून लावायला हरकत नाही.)

या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ठेव न बुडवण्याची शपथ. सिद्धान्त नंतर परिषदांमध्ये ठरले, भांडणं झाली, फाटे फुटले. पण साध्या श्रद्धावानाच्या अंगात धर्म उतरतो तो या पातळीवर: शेजाऱ्याचे पैसे परत द्यायचे, सकाळी लवकर उठायचं, सोबत जेवायचं. दासी आणि मालक एका पंगतीला, हे रोमन समाजाला झोंबणारं होतं, ते या जेवणापायी.

महाराष्ट्रात हा धर्म पोर्तुगिजांच्या जहाजातून उतरला, असं आपण शाळेपासून ऐकतो. तेही अर्धंच खरं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलं आहे की ‘कल्लिआना’ नावाच्या बंदरात ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियातून नेमून येतो. हे बंदर म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात. पुढे 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. ते ज्या घरी उतरले होते ते घर एका स्थानिक नेस्टोरियन (पर्शियाकडच्या जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती माणसाचं होतं. वास्को द गामा कालिकतला पोचायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. म्हणजे ठाण्याच्या खाडीकाठी आधीच कुणीतरी ख्रिस्ती माणूस घर करून राहत होता, पाहुण्यांना जेवायला वाढत होता. त्या वस्तीचं पुढे काय झालं ते कागदावर नाही. शहीद झालेल्या साधूंची नावं उरली, घरमालकाचं उरलं नाही. धर्मांचा इतिहास लिहिणाऱ्यांची ही जुनी खोड आहे.

आता गोव्याकडे येऊ, कारण तिथे आल्याशिवाय हा विषय कुणी पुढे सरकू देणार नाही आणि देऊही नये. जबरदस्ती झाली का? झाली. 1540 च्या दशकात तिसवाडी तालुक्यातली देवळं पाडली गेली. 1559 मध्ये बाप मेलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवण्याचा कायदा आला. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलं आणि मधली चार वर्षं सोडली तर ते 1812 पर्यंत चाललं. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या पाच जणांना मारलं. मग त्या गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावून कापून काढण्यात आलं. हे सगळं झाकून ख्रिस्ती इतिहास सांगणारा माणूस इतिहास सांगतच नाही.

पण त्याच इन्क्विझिशनने 14 एप्रिल 1736 रोजी काढलेला एक हुकूमनामा आहे, तो जरा सावकाश वाचण्यासारखा आहे. त्यात गोव्यातल्या ख्रिस्ती रयतेला काय काय करायला मनाई केली आहे, पाहा. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. नवरा-नवरीला हळद, तेल, दूध लावायचं नाही. पानविडे आणि फुलं वाटायची नाहीत. बाळाच्या सहाव्या रात्री जागरण करायचं नाही. एकादशीचा उपास करायचा नाही. घरात, बागेत तुळस असेल तर उपटून टाकायची. पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालायची नाही. आणि सगळ्यांत गमतीचं म्हणजे भात बिनमिठाचा शिजवून वरून मीठ घ्यायचं नाही, कारण ते हिंदूंसारखं होतं!

हा हुकूम निघाला तेव्हा तिसवाडी, साष्टी, बारदेश ख्रिस्ती होऊन पाच-सहा पिढ्या उलटल्या होत्या. एवढ्या काळानंतर धर्मखात्याला लोकांच्या भाताच्या हंडीत डोकावावं लागतं, याचा अर्थ काय? जी गोष्ट कुणी करतच नाही तिच्यावर बंदी घालत नाहीत. म्हणजे 1736 मध्ये गोव्यातली बाई रविवारी मिस्साला जात होती, मुलाचा बाप्तिस्मा करत होती, पाचवी-सहावी जागवत होती, अंगणात तुळस राखत होती आणि भातात मीठ वरून घेत होती. तिच्या दृष्टीने यात काही विसंगती नव्हती. विसंगती दिसत होती ती फक्त इन्क्विझिटरला. आज ती आणखी दोघांना दिसते: ‘अजून पुरते ख्रिस्ती झाले नाहीत’ म्हणणाऱ्या कडव्या पाद्र्याला, आणि ‘बघा, मुळात आमचेच’ म्हणणाऱ्या घरवापसीवाल्याला. ती बाई या तिघांपैकी कुणाचीच नव्हती. तिने आपल्यापुरता मेळ घातला होता आणि तो मोडायला सुळी, तुरुंग आणि दंड असूनही तो मोडला नाही. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई या बहिणी आहेत असं गोव्यात आजही मानतात, आणि फेस्ताला-जत्रेला एकमेकींकडे तेल आणि मोगऱ्याची फुलं जातात. कुठल्या धर्मसभेने हे ठरवलेलं नाही.

भाषेचंही तेच. 1684 मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोला. झालं काय? फर्मान दप्तरात राहिलं, कोंकणी घरात राहिली आणि 1892 मध्ये मुंबईला तियात्र नावाने रंगमंचावर चढली.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 साली साष्टीतल्या रायतूरला त्याचं क्रिस्तपुराण रोमन लिपीत छापून निघालं. दहा हजारांहून जास्त ओव्या. त्यातली मराठी भाषेच्या स्तुतीची ओवी आपण मराठी दिनाला हटकून म्हणतो, आणि तिथेच थांबतो. मला त्या ग्रंथाच्या कर्त्यापेक्षा वाचक मोठे वाटतात. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या म्हणतात. त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. ग्रंथ उरला तो हातांनी उतरवलेल्या पोथ्यांतून. मंगळुरूकडे गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी त्या पोथ्या बरोबर नेल्या. 1784 मध्ये टिपूने त्यांना पकडून श्रीरंगपट्टणला नेलं, 1799 मध्ये उरलेसुरले सुटून परत आले, आणि तरी पोथ्या राहिल्या. त्यांच्याच आधारे 1907 मध्ये मंगळुरूला क्रिस्तपुराण पुन्हा छापलं गेलं. घरात कोंकणी, दारात कन्नड आणि तुळू, आणि प्रार्थनेला मराठी ओव्या! हे कुणाच्या जबरदस्तीने होत नाही.

आणि आता वसई. माझ्या मते सगळ्या वादाची खरी कसोटी गोव्यात लागत नाही, वसईत लागते. गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगिजांचं राज्य होतं, त्यामुळे ‘राजाश्रय होता म्हणून टिकले’ असं म्हणायला जागा राहते. वसईत ती राहत नाही. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. दोनशे वर्षांत कोळी, कुणबी, भंडारी, सामवेदी, वाडवळ अशा कितीतरी समाजांतली माणसं ख्रिस्ती झाली, काही मनाने, काही सवलतीने, काही दडपणाने. मग मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. फिरंगी गेले. त्यांचे पाद्री गेले. चर्चच्या घंटा हत्तींवरून, गाड्यांवरून देशावर गेल्या. नाशकात रामेश्वराच्या देवळावर ती 1721 सालची नारोशंकराची घंटा अजून आहे, मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर दुसरी आहे, भीमाशंकरला तिसरी. विजय निर्विवाद होता आणि मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटणं साहजिक आहे.

पण घंटा गेल्यावर माणसांनी काय केलं? दडपण संपलं होतं. बक्षीस मिळालं असतं तर ते परत फिरण्याबद्दल मिळालं असतं. काही कुटुंबं शुद्धी होऊन परतलीही. बाकीची ख्रिस्तीच राहिली. त्यांच्याकडे राजा नव्हता, तोफा नव्हत्या, युरोपातून येणारे पैसे नव्हते. असेल तर गोव्याकडचा एखादा देशी पाद्री, तोही चार-चार गावं सांभाळणारा. सुमारे पाऊणशे वर्षं पेशव्यांच्या अंमलाखाली त्यांनी भात लावला, केळीच्या बागा केल्या, पानवेली चढवल्या, मुलांचे बाप्तिस्मे केले. पेशव्यांनीही त्यांना शेतं सोडायला लावली नाहीत, हे सांगायला हवं. महसूल देणाऱ्या रयतेला कोण हाकलतो? तर जबरदस्तीने आलेला धर्म जबरदस्ती संपल्यावरही का राहिला, या प्रश्नाचं उत्तर ‘बाटवले’ या एका शब्दात मावत नाही. दोनशे वर्षांत त्या धर्मात त्यांचे आजे-पणजे पुरले गेले होते. विहिरीच्या काठावरच्या क्रुसाला त्यांनी नवस बोलले होते आणि ते फेडले होते. तो आता फिरंग्यांचा राहिलाच नव्हता.

त्यांनी तो कसा आपलासा केला हे पाहायचं तर वसई-उत्तन-गोराईकडचं एखादं जुन्या पद्धतीचं लग्न बघावं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं, उंबराचं पाणी आणायचं, त्या पाण्याने नवरा-नवरीची न्हाणं. म्हाताऱ्या लाल लुगडं नेसून गाणी म्हणतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा: नव्या भाताच्या लोंब्या कापून चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतो, मग त्या घरी आणून ठेवतात. सुकेळी (सुकवलेली केळी) उन्हात घालणारी घरं आता कमी झाली, पण आहेत. यात युरोप कुठे आहे? आहे, चर्चच्या कमानीत आहे, आडनावांत आहे. बाकी सगळं आगरातलं आहे.

याच वसईतला एक मुलगा गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन होऊन जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. 1862 मध्ये त्याला संत घोषित केलं गेलं. त्याच्या मरणापेक्षा त्या नागासाकीत पुढे जे झालं ते मला जास्त थक्क करतं. 1614 मध्ये जपानने हा धर्म पूर्ण बंद केला, पाद्री हाकलले किंवा मारले. नागासाकीजवळच्या खेड्यांतले शेतकरी-कोळी मात्र गुपचूप श्रद्धा धरून राहिले. गावातला एक जण सणावारांचं पंचांग सांभाळायचा, दुसरा पोरांच्या डोक्यावर पाणी घालायचा. मरियेची मूर्ती बौद्ध कान्नोन देवीसारखी घडवायची, म्हणजे झडती झाली तरी कळू नये. अडीचशे वर्षं, एकाही पाद्र्याशिवाय. मार्च 1865 मध्ये नागासाकीत नवीन चर्च उभं राहिलं तेव्हा काही खेडूत बाया-माणसं तिथल्या फ्रेंच पाद्र्याकडे आली आणि हळूच म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. युरोपने ज्यांना मेलेलं धरलं होतं ते जिवंत होते. पाद्री जेमतेम असताना किंवा मुळीच नसताना धर्म टिकतो की नाही हा प्रश्न वसईत पाऊणशे वर्षं आणि जपानात अडीचशे वर्षं तपासला गेला, आणि दोन्हीकडे उत्तर सारखं आलं.

पाद्री असताना काय होतं तेही सांगतो, म्हणजे लेख एकतर्फी होणार नाही. मुंबईत पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या पाद्र्यांचा पक्ष आणि थेट रोमचा पक्ष यांच्यात चर्चेसच्या ताब्यावरून दीडशे-दोनशे वर्षं भांडण चाललं. 1853 मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आपल्या माणसांसह आत कोंडून बसले आणि बाहेर दुसऱ्या पक्षाने वेढा घातला. दोन आठवडे हा तमाशा चालला, शेवटी इंग्रज सरकारला मध्ये पडावं लागलं. माहीमच्या कोळणींनी त्या पंधरवड्यात मासळी विकणं थांबवलं असेल असं मला वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनं आली आणि चित्र बदललं. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ठाणं केलं. तिथल्या सिंथिया फरार बाईंच्या मुलींच्या शाळेचा जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या कामाशी असलेला संबंध सगळ्यांना माहीत आहे. या काळात पुढे आलेली नावं बहुतेक ब्राह्मणांची: बाबा पदमनजी वगळता ना. वा. टिळक, पंडिता रमाबाई. त्यांनी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं, हे खरं. पण त्यांनी लिहिलेलंही आपण आदल्या दिवसासाठीच वाचतो.

रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि पुण्यात गदारोळ झाला. त्यानंतरचं पाहा. मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचे खटके उडू लागले. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. खाण्यापिण्याचे आपले नियम सोडायला नकार दिला. चर्चने सांगितलं म्हणून एखादा सिद्धान्त मान्य करणं त्यांना जमेना; आधी पटवा, मग बोलू. वैदिक शास्त्र्यांना ज्या बाईने प्रश्न विचारले तिने बिशपांनाही विचारले. केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, विधवा बायकांना त्यांनी अक्षर शिकवलं, आणि त्याच बायकांनी खिळे जुळवून रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबल छापलं. ते पूर्ण निघालं 1924 मध्ये, रमाबाई वारल्यावर दोन वर्षांनी. आणि लक्ष्मीबाई टिळक! नवरा 1895 मध्ये ख्रिस्ती झाला, बाईंनी पाच वर्षं घेतली. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्षात येतं की त्यांच्यापुढचा मोठा डोंगर येशू नव्हता, सोवळं होतं. वेगळी चूल, वेगळं पाणी, शिवाशिव. जात कुणी केली याचा विचार करून त्यांनी ती मनातून काढून टाकली, ती बाप्तिस्मा घेण्याआधी. सगळ्यात अवघड बदल झाला तो चर्चच्या वहीत नोंदवलाच गेला नाही.

पण लक्ष्मीबाई ब्राह्मण होत्या. जात टाकायची की ठेवायची हे त्यांच्या हातात होतं. नगर जिल्ह्यात नेवासे, राहुरी, संगमनेरकडे जी हजारो माणसं ख्रिस्ती झाली ती बहुतेक महार आणि मांग समाजातली होती. त्यांना जात टाकायची होतीच, गाव टाकू देत नव्हता. 1876 आणि 1899 च्या दुष्काळांत मिशनकडे धान्य होतं, शाळा होती, इस्पितळ होतं. त्यासाठी गेले असतील तर ‘तांदळाचे ख्रिस्ती’ म्हणून त्यांना हिणवणाऱ्यांनी त्यांच्यासाठी आपली कणगी का उघडली नाही, हे आधी सांगावं. बाप्तिस्म्यानंतरही महारवाडा महारवाडाच राहिला. पाटलाच्या विहिरीला त्यांचा धर्म बदलल्याचं कळलं नाही. आणि चर्चच्या आतही फार वेगळं नव्हतं: महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एका बाकावर बसायला राजी होत नसत, मिशनऱ्यांना त्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. गोव्यात तर बामण, चारडो आणि सुदीर या ख्रिस्ती जातींच्या कोन्फ्रारी (चर्चमधल्या मंडळ्या) वेगवेगळ्या, आणि फेस्त करण्याचा मान कुणाचा यावरून वाद कोर्टात गेले आहेत. ‘आमच्यात जात नाही’ हे वाक्य प्रवचनात ठीक आहे, लग्नाच्या जाहिरातीत टिकत नाही.

इथे सरकार आणि चर्च यांची विलक्षण एकवाक्यता होते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा लाभ फक्त हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले, कारण त्यांच्या धर्मात जात नाही. म्हणजे नेवासे तालुक्यातला माणूस रविवारी सकाळी बाप्तिस्मा घेतो आणि दुपारपर्यंत त्याची जात कायद्याने नाहीशी होते. गावात ती सोमवारीही असते. आणखी गंमत म्हणजे त्याचा नातू पुन्हा हिंदू झाला आणि समाजाने त्याला स्वीकारलं, तर ती जात परत उगवते. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात तसं मान्य केलं आहे. तीन पिढ्या ती जात होती कुठे? याचं उत्तर कायद्याकडे नाही, गावाकडे आहे.

दलित ख्रिस्त्यांनाही अनुसूचित जातींचा लाभ द्या, या मागणीला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला टाळता येत नाही. ते विचारतात की जात सोडायला म्हणून जो धर्म घेतला त्यातही जात असेल तर त्या धर्माने आधी आरशात पाहावं, सरकारकडे का यावं? प्रश्न रास्त आहे. भारतातला पहिला दलित कार्डिनल व्हायला 2022 साल उजाडावं लागलं. पण चर्चच्या चुकीची शिक्षा खालच्या माणसाने का भोगायची, हे मला पटत नाही. बौद्ध धर्मातही जात नाही, आणि तरी बाबासाहेबांबरोबर गेलेल्यांना 1990 मध्ये सवलती मिळाल्या, कारण तेव्हा सरकारने धर्मग्रंथ न पाहता वस्ती पाहिली. तोच न्याय ख्रिस्ती वस्तीला लावायला काय अडचण आहे? अडचण एकच: मग धर्म बदलण्याचा तोटा कमी होईल, आणि तो तोटा काहींना हवा आहे. हे कारण असेल तर ते उघडपणे सांगावं, धर्मशास्त्राआड लपवू नये.

जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले तेव्हाही दुसरा दिवस कुणी पाहिला नाही; ख्रिस्ती पाद्री म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला. वसईतला हा माणूस पंचवीस वर्षं ‘सुवार्ता’ मासिक चालवत होता, बायबल सोप्या मराठीत आणत होता, वसईची हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरला होता. विरोध करणाऱ्यांनी त्यातलं काहीच तपासलं नाही. ते त्यांचा पांढरा झगा तपासत बसले.

1950 च्या आदेशाचा फेरविचार करायला केंद्राने 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. त्याआधी रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये धर्माची अट काढा असं सांगितलंच होतं. तो अहवाल धूळ खात पडला. आयोगांनी दिल्लीत साक्षी जरूर घ्याव्यात. पण राहुरी, श्रीरामपूरकडे येऊन ख्रिस्ती वस्ती गावाच्या कुठल्या बाजूला आहे, तिच्या नळाला पाणी किती वाजता येतं आणि दफनभूमीची वाट कुणाच्या बांधावरून जाते, एवढं पाहिलं तरी अर्धी साक्ष तिथेच होईल. उरलेली अर्धी बिशपांनी द्यावी. आपल्या धर्मप्रांतात दलित घरांतून आलेले फादर किती, चर्चच्या चांगल्या इंग्रजी शाळांत त्या वस्त्यांतली मुलं किती, हे आयोगाने विचारण्याआधी त्यांनी स्वतःहून जाहीर करावं. आणि आकडा लाजिरवाणा निघाला, तर तो तसाच छापावा.